राजवाड्यापासूनची सोबत

रामजीला मुंबईच्या यष्टीचं रिझर्वेशन करायचं होतं. गोष्टीची सुरुवात एवढीच.

महिपतआप्पांनी हातातला आंबा पेटीतल्या गवतात नीट बसवला आणि दुसरा उचलला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सकाळच्या ट्रकला पेट्या द्यायच्या म्हणून पडवीत पेट्रोमॅक्स पेटवला होता. आप्पांचा पुतण्या रघू फळ्यांना खिळे मारत होता. सून कमळा सात महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन एका हातानं गवत पसरत होती. मघाशी तिनं म्हटलं होतं, की रविवारी आम्ही रत्नांग्रीला थिबा राजवाडा बघायला जातो, बाळालाही नेतो. तेव्हापासून आप्पांनी अर्धी पेटी भरली होती.

"जा की," ते शेवटी म्हणाले. "बघण्यासारखा आहे. फक्त तिथं कोणाला काही सांगू नका."

"कोणाला, मामंजी?"

"तेच सांगतोय ना. रघू, ठोकाठोक जरा थांबव. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे."

आप्पा सांगू लागले. आपल्या वरच्या वाडीतला रामजी. मुंबईला छापखान्यात आहे तो. माणूस कधी खोटं बोलायचा नाही. पण हे त्यानं नाही सांगितलं. त्याची बायको चंपा, तिनं याच पडवीत बसून सांगितलं. सांगताना पोरीचा हात काही तिनं सोडला नव्हता.

सन पंच्याऐंशी. मे महिन्याची चार तारीख, शनिवार. वैशाखी पौर्णिमा, आणि त्या रात्री चंद्राला खग्रास ग्रहण. पंचांग काढून बघा हवं तर.

रामजीची रजा संपत आली होती. रिझर्वेशनला रत्नांग्रीला जायचंच होतं, तर म्हणाला, चंपा लग्न होऊन आली त्याला पाच वर्षं झाली, तिनं अजून राजवाडा बघितला नाही. सगळीच जाऊ. पोर चिमा तेव्हा अडीच वर्षांची. रामजीची आई गोदूबाई चुलीपुढून ओरडली, "गिराणाचा दिवस हाय. पोरीला घेऊन उंबऱ्याभायर कशाला पडता?"

"आये, गिराण रात्री बारा वाजता. आपण दिवे लागायला घरात."

"व्हय, यष्टी तुझ्या बापाची हाय ना, येळेवर सुटायला!" म्हातारीनं चार भाकऱ्या जास्त थापल्या. "मी पन येते मंग. पोरीच्या पाठी कोणतरी नको?"

खरं म्हणजे तिलाच राजवाडा बघायचा होता. सगळ्यांना ते कळलं.

चंपाचं एक होतं. पोर जरा नजरेआड झालं की ती हातातलं काम टाकून धावायची. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळं चिमाला ती जमिनीवर सोडायची नाही. पोर होतं चांगलं दणदणीत. घेऊन घेऊन चंपाची कंबर गेली होती, तरी कडेवरून उतरवायची नाही. गोदूबाई टोमणे मारायची, "पोरीला पाय हायत गो, शोभेला नाय दिले देवानं."

रिझर्वेशनच्या रांगेत दोन तास गेले. राजवाड्यावर पोचायला एक वाजला. लाल जांभ्याचा तीन मजली वाडा, उतरती छपरं, अर्धगोल नक्षीच्या खिडक्या, आणि लांब खाली भाट्याची खाडी. आतल्या खोल्यांना कुलपं होती, पण बाहेरून फिरायला कोणी अडवत नव्हतं. बुद्धपौर्णिमा म्हणून पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या नेसून बौद्ध मंडळीही आली होती. शांतपणे हिंडत होती.

गोदूबाईला ग्रहणाचे वेध पाळायचे होते. दुपार टळली की ती पाणीसुद्धा घ्यायची नाही. म्हणून बागेत झाडाखाली लगेच फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकी चटणी, उकडलेली अंडी.

आता इथं बघा. आपल्याकडं सड्यावर, उघड्या कातळावर जेवायला बसलं, काजूच्या बागेत बसलं, की पहिला घास कोणाचा? राखणदाराचा. जागा तिथं राखणदार. पानावर घास ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गोदूबाईनं तेच केलं. भाकरीचा तुकडा पानावर ठेवला, हात जोडले.

"आये, हा काय आपला सडा नाय," रामजी हसला. "हा राजाचा वाडा. इथला राखणदार अंडं खाईल, चटणी नाय खायचा."

"गप रे. म्हाराजा, हितला जो कोणी राखणारा असशील, आमी परमुलखातली माणसं. ही माझी नात, चिमा. हिच्या पाठीशी ऱ्हा, आनी हिला घरापर्यंत सुखरूप पोचव, म्हाराजा."

आप्पा थांबले. "आपण कसं म्हणतो, रघू?"

"शिवेपर्यंत पोचव म्हणतो."

"शिवेपर्यंत. म्हणजे तो तिथून माघारी फिरतो. पण तिथली शीव गोदूबाईला काय ठाऊक? तिनं आपलं घर सांगितलं."

जेवण झालं. चंपा डबे पुसत होती. वर बघते तर चिमा शेजारी नाही! उठली, धावली. पोर वाड्याच्या पडवीत एका खांबापाशी उभं. तोंड हलत होतं. चंपानं हिसका मारून उचललं, तोंडात बोट घातलं. काही नाही. पण तोंडाला वास होता. गोड. गुळाचा नाही, साखरेचाही नाही.

"काय खाल्लंस? कोणी दिलं?"

"बायनं."

"कुठली बाय?"

चिमानं खांबाकडं बोट केलं. तिथं कोणी नव्हतं.

पोरं पळवणारे औषध घालून खाऊ देतात, हे चंपानं ऐकलेलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. पांढऱ्या साडीतल्या दोघीतिघी जवळच होत्या. चंपा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या पोरीला तुम्ही काही दिलंत?"

त्यातल्या एक यमुनाबाई म्हणून, मास्तरीण होत्या. रागावल्या नाहीत. "नाही हो बाई. दुसऱ्याच्या लेकराला न विचारता आम्ही कशाला देऊ? पण मघापासून ती तिथं कोणाशी तरी बोलत होती. मान वर करून. आम्हाला वाटलं, तुमच्यातलंच कोणी खांबाआड उभं आहे."

"आमच्यातलं सगळं झाडाखाली आहे."

यमुनाबाईंनी खांबाकडं बघितलं. मग चंपाला बरं वाटावं म्हणून इकडचं तिकडचं बोलल्या. थिबा म्हणजे लांब पूर्वेकडच्या ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथं आणून ठेवलं. शेवटपर्यंत परत जाऊ दिलं नाही. "इथंच वारला बिचारा. त्याच्याबरोबर नोकरचाकर, दाया, किती माणसं आली असतील. त्यांचं काय झालं, कोणी लिहून ठेवलंय?"

चंपाचं निम्मं लक्ष नव्हतं. ती पोरीचे डोळे बघत होती. गुंगी येते का, बघत होती. गुंगी नाही, ताप नाही. चिमा तिच्या खांद्यावरून मागं बघून हसत होती.

दिवसाची यष्टी भरून गेली, मिळाली ती संध्याकाळी सातची. गर्दी ही! तिघांना मिळून एक बाक मिळालं. चिमाला गाडी लागायची, वाटेतल्या पाली गावापर्यंत दोनदा तरी ओकायची. चंपानं लिंबू हातात धरून ठेवलं होतं. त्या दिवशी पोर एकदासुद्धा कण्हलं नाही. मांडीवर बसून राहिलं. हळूहळू झोपलं.

आणि चंपाच्या लक्षात आलं, की मांडीला रग लागत नाही.

तिनं पाय हलवून बघितला. पोर मांडीवर होतं. पण वजन… अर्धं. भरलेली घागर दोघींनी दोन बाजूंनी धरली की कशी लागते, तशी.

"अवो, ही हलकी लागते," ती रामजीला म्हणाली.

"पेढे वाट मग. रोज कंबर कंबर करतेस."

तिनं चिमाला घट्ट धरलं. खिडकीशी गोदूबाई डोळे मिटून बसली होती. चंपाला पहिल्यांदा म्हातारीचा संशय आला. हिनं काही दिलं तर नाही पोरीला? कसला अंगारा, कसली मुळी?

सव्वाआठला फाट्यावर उतरले. चांदणं असं, की पाखाडीची एकेक पायरी मोजावी. तुम्हाला ती पाखाडी ठाऊक आहे. रिकामा माणूस दोनदा टेकतो. रामजीच्या दोन्ही हातांत पिशव्या, पोर चंपाच्या खांद्यावर. ती चढली. एका दमात चढली. वर आल्यावर रामजी वाकून धापा टाकत होता, आणि चंपा उभी होती. श्वाससुद्धा वाढला नव्हता.

तिला रडू आलं.

"काय झालं?" रामजी म्हणाला.

"कोणीतरी खालून हात दिलाय," ती म्हणाली. "पोरीला माझ्याबरोबर कोणीतरी धरलंय."

रामजी हसणार होता. पण त्यानं आईकडं बघितलं. गोदूबाई हसत नव्हती. पदर तोंडाला लावून ती मागच्या पायऱ्यांकडं बघत होती.

घरी आल्यावर चंपानं दूधभात कालवला. चिमा जागी झाली, पण तोंड उघडेना. "ज्येवलं," म्हणाली.

"कधी जेवलीस?"

"बायनं भरवलं."

चंपाच्या हातातला घास तसाच राहिला. आपलं पोर आपल्या हातचं खात नाही, ह्याचं काय होतं, ते कमळा, तुला सांगायला नको.

कमळानं गवत पसरायचं कधीच सोडलं होतं. "पुढं?" ती म्हणाली. "पोरीला काही झालं नाही ना? ते आधी सांगा."

"ऐक."

दाराला कडी घातली. मधल्या खोलीत अंथरूण घातलं. चिमा भिंतीकडं, शेजारी चंपा. रॉकेलची चिमणी बारीक केली. साडेदहा झाले असतील. चंपा पडून होती, हात उशाला. खिडकीतून चांदणं पोरीच्या गोधडीवर पडलं होतं.

गोधडी हलत होती.

श्वासानं नाही. मधोमध… एका जागी. दबायची, उठायची. दबायची, उठायची. हळू. एका तालात.

पोरीला कोणीतरी थोपटत होतं.

चंपानं स्वतःचे दोन्ही हात बघितले. दोन्ही तिच्याजवळ होते.

तिनं पोर उचललं ते थेट गोदूबाईच्या अंथरुणाशी. "आत्या, उठा. तुम्ही तिथं काय बोललात? सगळं सांगा. एक शब्द गाळू नका."

"मी काय वाईट बोलन काय गो? माझी नात ती."

"काय बोललात?"

म्हातारीनं गाऱ्हाणं परत म्हणून दाखवलं. 'घरापर्यंत' म्हणाली… आणि थांबली. तिचं तिलाच कळलं. कपाळावर हात मारून घेतला. "शीव नाय सांगितली. गो बाय… मी त्याला शीव नाय सांगितली."

रामजी म्हणाला, "सकाळी बघू."

"सकाळी?" चंपा म्हणाली. "सकाळपर्यंत ही माझी राहील कशावरून? आज भरवलं. आता झोपवतेय. उद्या हिला माझी गरज काय?"

रामजीनं पायांत वहाणा घातल्या.

आपली शीव खाली, पऱ्यावरच्या साकवाशी. तो पूल ओलांडला की मोठा रस्ता हाकेवर. पश्चिमेला रत्नांग्री, पूर्वेला साखरपा आणि पुढं आंबा घाट. पुढं रामजी बॅटरी घेऊन. मध्ये चंपा, पोर खांद्यावर, दोघींच्या डोक्यावरून पदर ओढून घेतलेला. मागं गोदूबाई. पाखाडीनं उतरले. पोर तसंच हलकं.

साकवाशी थांबले. पऱ्या आटलेला. पाण्याचाही आवाज नाही.

गोदूबाईनं तांदूळ ठेवले. हात जोडले. "म्हाराजा, तू माझी नात पोचवलीस. तुझं काम झालं. आता माघारी फिर. आपल्या जाग्याला जा, म्हाराजा."

थांबले.

चंपानं मान हलवली. हलकंच.

म्हातारीनं परत म्हटलं. "माघारी फिर. वाड्यावर जा. आपल्या जाग्याला…"

काही नाही.

उजेड कमी व्हायला लागला. रामजीनं वर बघितलं. पावणेबारा. चंद्राची कड गेली होती.

आणि चंपाच्या खांद्यावरचं पोर आणखी हलकं झालं.

"अवो…" दोन्ही हातांनी तिनं पोर आवळलं. उरलं होतं फुलाएवढं वजन. गोदूबाई खाली बसली. रामजी बॅटरी इकडं मारी, तिकडं मारी. उजेडात नुसता दगडी गडगा, नुसतं गवत. कोणी नाही. कोणी नाही…

चंपाला ते कसं सुचलं, ते तिचं तिला सांगता आलं नाही. म्हणाली, मला एकदम त्या मास्तरीणबाईंचं बोलणं आठवलं. राजाबरोबर दायाही आल्या असतील, परत जाऊ दिलं नाही, म्हणाल्या होत्या. आणि इथं आम्ही तिला म्हणतोय काय, तर वाड्यावर जा. जिथं तिला कोंडलं तिथंच जा. कशी जाईल ती?

"आत्या, गप ऱ्हा," चंपा म्हणाली. "ती तिची जागाच नव्हे."

मग ती अंधाराशी बोलली. गाऱ्हाणं नाही. विहिरीवर एकीनं दुसरीशी बोलावं तसं.

"बाय, तू माझं पोर जपलंस. पोचवलंस. मी बघतेय, तुला पोराची माया आहे. पण ही माझी गो. एक गेलंय माझं. ही मला ऱ्हाऊ दे." तिनं श्वास घेतला. "आणि तू वाड्यावर जाऊ नको. तू तुझ्या घरी जा. तुझ्या मुलखात. आता तुला अडवायला कोणी नाही. तुझी वाट बघत असतील."

कोणी हललं नाही.

चंद्र अर्धा गेला. रातकिडे बंद झाले होते. कधी झाले, कोणाला ठाऊक…

आणि धप्पकन वजन आलं. सगळंच्या सगळं. चंपाचे गुडघे वाकले. रामजीनं धरलं म्हणून, नाहीतर पोरीसकट पडली असती. चिमा दचकून रडली. चांगली भोकाड पसरून रडली. आणि "आये" म्हणाली.

तेवढ्यात खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकलं.

मग रस्त्यापलीकडचं. मग त्याच्या पुढचं. रामजी कान देऊन उभा. भुंकणं रस्त्यानं चाललं होतं. एक वाडी गप झाली, की पुढची सुरू.

"रत्नांग्रीकडं?" रघूनं विचारलं.

"नाही. रत्नांग्रीकडं एक कुत्रं भुंकलं नाही. भुंकणं साखरप्याच्या अंगाला गेलं. मग लांब. मग घाटाच्या पायथ्याशी… मग ऐकू येईना."

पेट्रोमॅक्सची हवा कमी झाली होती. पंप मारायला कोणी उठलं नाही. कमळानं मांडीवरचं पोर छातीशी घेतलं होतं.

"घरी आले," आप्पा म्हणाले. "चिमा रडून रडून खांद्यावरच झोपली. जड, शिशासारखी. चंपाला म्हणे इतकं बरं वाटलं, की कंबर मोडली तरी चालेल. दार लावलं. कडी घातली. चिमणी मोठी केली आणि पोरीला निजवायला म्हणून तिनं तिच्या डोक्यावरचा पदर काढला."

आप्पांनी हातातला आंबा खाली ठेवला.

"चिमाचं जावळ काढायचं राहिलं होतं. केस मानेपर्यंत. झिंज्या नुसत्या. कंगवा लावू द्यायची नाही ती कोणाला. वाड्यावर गेली तेव्हाही तशीच होती, यष्टीतही तशीच. शिवेवर जाताना चंपानं पदर ओढला, तेव्हाही केस तिच्या गालाला टोचत होते. आणि आता…"

"आता काय, मामंजी?"

"सगळे केस वर घेतलेले. डोक्याच्या मधोमध, गोल, घट्ट बुचडा बांधलेला. एक केस इकडचा तिकडं नाही. आपल्याकडं लहान पोरीला असं कोणी बांधत नाही. ब्रह्मदेशात बांधतात म्हणे. पदराखाली, आईच्या खांद्यावर, कधी बांधला…"

आप्पांनी खाली ठेवलेला आंबा परत उचलला.

"चंपानं नुसतं बोट लावून बघितलं," ते म्हणाले. "केसांना तेल होतं. ओलं."